नोकरी मुंबईत, घर कोणत्या स्थानकावर?

नाशिक, सांगली किंवा अमरावतीहून मुंबईला बदली झाली किंवा नवी नोकरी लागली, की पगाराच्या आकड्यानंतर घरात लगेच निघणारा प्रश्न म्हणजे राहायचं कुठे. ठाण्यातली आत्या ठाणं सुचवते. बोरिवलीतला मित्र ‘वेस्टर्नलाच ये’ म्हणतो. ऑफिसातले लोक नवी मुंबईच्या रस्त्यांचं कौतुक करतात आणि दलाल ज्या घराची किल्ली त्याच्याकडे असते ते घर दाखवतो. ज्याचा त्याचा सल्ला प्रामाणिक असतो, पण तो त्याच्या नोकरीला, त्याच्या घरातल्या माणसांना आणि त्याने घर घेतलं त्या सालाला धरून असतो.

हा वाद आता बराच जुना झाला आहे. गेल्या काही वर्षांत मेट्रो, अटल सेतू आणि घरून काम या तीन गोष्टींनी त्यातली बरीच गृहीतकं हलवली आहेत. म्हणून एकदा सगळ्या बाजू मांडून पाहायला हव्यात. इथला विचार पगारदार कुटुंबापुरता आहे, कारण निवड करता येणं हीच या महानगरात सगळ्यांना न मिळणारी गोष्ट आहे. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००५ मध्ये मुंबईतल्या जवळपास ५,००० कुटुंबांच्या पाहणीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक चालत जातात असं दिसलं, आणि गरिबांमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही वर होतं. लोकलच्या गर्दीचं चित्र डोळ्यांपुढे इतकं ठसलेलं असतं की कामाच्या जागेला चिकटून, मिळेल त्या खोलीत राहणारी ही मोठी मुंबई उपनगरांच्या चर्चेत येतच नाही.

रुळांनी आखलेलं शहर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. पश्चिमेकडे १८६७ मध्ये विरारहून मुंबईत गाडी येऊ लागली. म्हणजे आज ज्यांना आपण उपनगरं म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आधी स्थानक आलं आणि वस्ती मागाहून. १८९६च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीतून लोकांना बाहेर काढायचं म्हणून दादर, माटुंगा, वडाळा भागांत आखीव वसाहती उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची गाडी धावली आणि लांब राहून रोज येणं-जाणं नोकरदाराच्या आवाक्यात आलं. पन्नासच्या दशकात महापालिकेची हद्द दोन टप्प्यांत वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली.

उपनगरं वाढण्याचं दुसरं कारण कायद्याचं आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणं हळूहळू बंदच पडलं. जुन्या मुंबईत पागडी उरली. नव्या माणसाला सहकारी गृहनिर्माण संस्थेतला मालकीचा फ्लॅट हाच मार्ग राहिला आणि तो परवडायचा उपनगरात. गिरगावातल्या चाळीत वाढलेली पिढी पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीला गेली त्यामागे रुळांइतकाच हा हिशेब होता.

जनगणनेत हा प्रवास स्वच्छ दिसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. उपनगर जिल्हा ८६.४ लाखांवरून ९३.६ लाखांवर गेला. ठाणे जिल्हा, ज्यात तेव्हा पालघरही होता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचला. वाढ सगळी बाहेरच्या बाजूला होती.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. माणसांबरोबर कामही पलीकडे न्यायचं, म्हणजे रोजचा लोंढा दक्षिणेकडे धावणार नाही, हा त्यामागचा विचार. पण मंत्रालय जागेवरच राहिलं आणि वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ साल उजाडलं. त्या मधल्या वीस वर्षांत वाशीत घर घेणाऱ्यांनी बसच्या रांगेत काय सोसलं, ते आज तिथल्या रुंद रस्त्यांचं कौतुक करताना सहसा कुणी बोलत नाही.

कचेऱ्या हलल्या, सल्ले राहिले

आपल्या घरांत फिरणारे बहुतेक सल्ले ऑफिस फोर्टात किंवा नरिमन पॉइंटला असण्याच्या काळातले आहेत. तेव्हा सगळ्यांचं तोंड दक्षिणेला होतं. उपनगराची किंमत ‘व्हीटीपासून किती’ किंवा ‘चर्चगेटपासून किती’ या एकाच मापाने ठरे आणि ते माप बरोबर होतं.

आज ते अपुरं पडतं. एमएमआरडीएने सत्तरच्या दशकात आखलेलं वांद्रे-कुर्ला संकुल आता बँका, शेअर बाजार आणि हिरे बाजार यांचं ठिकाण आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि लोअर परळला त्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अंधेरीत सीप्झ आणि एमआयडीसी, पवई, गोरेगाव-मालाडची माइंडस्पेस, ठाण्यातलं वागळे इस्टेट, ऐरोली-घणसोलीची आयटी पार्कं अशी कामाची ठिकाणं चहूकडे पसरली. ऐरोलीत नोकरी असलेल्या माणसाला वडिलकीच्या नात्याने कुणी दादर सुचवलं, तर ते प्रेमाने दिलेलं पण जुन्या नकाशावरचं उत्तर ठरतं.

जाणकारांतही इथे मतभेद आहेत. काम आणि घरं जवळजवळ आणली की प्रवास आपोआप कमी होईल, ही मांडणी अमेरिकेत रॉबर्ट सर्व्हेरो यांनी १९८९ मध्ये जोरकसपणे केली. जेनेव्हीव्ह जूलियानो यांनी दोनच वर्षांनी त्यावर शंका घेतली: माणसं केवळ कामाजवळ म्हणून घर निवडत नाहीत, म्हणून शेजारी ऑफिस बांधलं तरी शेजारचाच माणूस तिथे नोकरीला येईल असं नाही. मुंबईत दोघांचंही खरं वाटावं असे पुरावे दिसतात. ऐरोलीतल्या ऑफिसांमुळे ठाणे-नवी मुंबईकरांची सोय झाली. पण त्याच ऑफिसांत बदलापूर आणि विरारहून येणारेही आहेत, कारण त्यांचं घर नोकरीच्या आधीचं आहे.

जवळ राहावं की मोकळं राहावं

पहिली बाजू जवळ राहणाऱ्यांची. लहान जागा चालेल, भाडं जास्त पडलं तरी चालेल, पण प्रवासात आयुष्य घालवू नये. स्विस अर्थतज्ज्ञ ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. लांबून कामाला येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी आहेत आणि स्वस्त घर किंवा जास्त पगार ती कसर पुरती भरून काढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटनमधल्या माहितीवर २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासाला मात्र तसा ठोस परिणाम आढळला नाही. त्यामुळे हा मुद्दा निकालात निघालेला नाही. शिवाय दोन्ही अभ्यास श्रीमंत देशांतले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडून दगावली. मुंबईच्या रुळांवर आणि गाड्यांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जातात. इथे लांबचा प्रवास समाधानापुरता प्रश्न नाही.

दुसरी बाजू लांब राहणाऱ्यांची आणि तीही तितकीच भक्कम आहे. केंद्रापासून दूर जावं तशी जमीन स्वस्त होते आणि माणूस प्रवासाच्या बदल्यात जागा विकत घेतो, हे विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये सूत्रात बसवलं. ते डोंबिवलीकराला त्याआधीपासून ठाऊक होतं. वन-रूम-किचनच्या पैशांत दोन बेडरूम मिळतात, म्हणून गावाकडून आई-वडील येऊन राहू शकतात, मुलाला अभ्यासाला खोली मिळते. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास आजही काही शे रुपयांत निघतो. अंतराची इतकी स्वस्त सोय फार कमी महानगरांत आहे आणि मध्यमवर्गाची मुंबई तिच्यावर उभी आहे.

या सोयीचं दुसरं रूप पाहायचं तर कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहावं. मुंबईच्या दिशेने जाणारी फास्ट कल्याणहून भरूनच येते. दारातल्या माणसांना आत सरकायला जागा नसते आणि खालची माणसं तरीही चढतात. समोरच्या फलाटावर बरेच जण उलट्या दिशेच्या गाडीची वाट पाहत असतात. ते डाऊन गाडीत बसून कल्याणला किंवा त्याच्याही पुढे जातात आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा बसून येतात. त्यासाठी घरून अर्धा-पाऊण तास आधी निघावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईसाठी तो अर्धा तास म्हणजे सीटची किंमत असते. वेळापत्रकात डोंबिवली ते ठाणे एवढीच मिनिटं लिहिलेली असतात. प्रत्यक्षात रिक्षाची रांग, पूल, एक सोडलेली गाडी आणि कधी हा उलटा फेरा त्यात मिळवावा लागतो.

म्हणून तिसरी बाजू लाईन पाहणाऱ्यांची आहे. किलोमीटर मोजू नयेत, गाडी किती वेळा बदलायची ते मोजावं, असं ते सांगतात. मला यात पुष्कळ तथ्य वाटतं. कल्याणहून ऐरोलीचं अंतर फारसं नाही, पण ठाण्याला उतरून, पुलावरची गर्दी ओलांडून ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी लागते. कळवा ते ऐरोली उन्नत मार्ग झाला की हा वळसा टळेल, पण तो प्रकल्प पुनर्वसनाच्या प्रश्नात वर्षानुवर्षं रखडला आहे. याउलट पनवेल ते वाशी अंतर मोठं दिसतं, पण हार्बरच्या एकाच गाडीत बसून जाता येतं. सुरुवातीचं स्थानक असल्यामुळे पनवेलला बसायलाही मिळतं. गाडी जिथून सुटते त्या स्थानकाजवळ राहावं, हा मुंबईकरांचा ठेवणीतला सल्ला अनुभवातून आलेला आहे.

लाईनवाल्यांचा आणखी एक मुद्दा रात्रीचा. उशिरा सुटणाऱ्या नोकरीत स्थानकापासून घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर सगळ्यात अवघड असतात. साडेअकराला शेअर रिक्षा मिळते का, रस्त्यावर दिवे असतात का, दुकानं उघडी असतात का. घर पाहायला आपण रविवारी दुपारी जातो आणि रविवारी दुपारी सगळीच उपनगरं प्रसन्न असतात.

पाणी, पालिका आणि शेजार

चौथी बाजू नोकरीला दुय्यम मानते. घरातला एक माणूस दिवसातले दहा-बारा तास बाहेर असतो, बाकीचे तिथेच राहतात, म्हणून गाव बघून घर घ्यावं, असं तिचं म्हणणं. चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये लिहिलं होतं की माणसं आपल्याला हव्या तशा सेवा देणाऱ्या पालिकेच्या हद्दीत जाऊन राहतात. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, त्यामुळे कागदावर तरी निवडीला वाव मोठा आहे. पण घर घेणारा माणूस पालिका बघतो असं क्वचितच दिसतं. तो इमारत बघतो.

पाण्याचंच घ्या. मुंबई महापालिकेला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यांतले विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत, बाकीचे बाहेर, बहुतेक ठाणे-पालघरच्या डोंगरांत. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे आणि तिथल्या रहिवाशांच्या निश्चिंतपणाचं ते मोठं कारण आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. वसई-विरारची सूर्या प्रकल्पाच्या पाण्याकडे डोळे लावून बसण्यात वर्षं गेली. मुंबईला पाणी देणारं भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. आपण निवडलेल्या उपनगराचं पाणी कुणाच्या उशाखालून येतं, हे कळावं असं मला मनापासून वाटतं. टँकरचा खर्च सोसायटीच्या देखभालीत मिसळलेला असतो. म्हणून भाड्याचा आकडा विचारताना मेंटेनन्सचं मागच्या वर्षभराचं बिल मागावं.

पुराचंही तसंच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठ बुडाला, हे सगळ्यांना आठवतं. उल्हास नदीकाठचं कमी आठवतं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी परिसरात महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्याच पट्ट्यात, नदीचं दर्शन घडवणारी संकुलं विकली जात असतात.

शाळा, नाट्यगृह, वाचनालय, मंगळागौर, शाखा, भजन, क्रिकेटचं मैदान या गोष्टी हिशेबात धरायच्या कशा? डोंबिवलीचा माणूस प्रवासाबद्दल तक्रार करतो आणि डोंबिवली सोडत नाही, याचं उत्तर इथे आहे. पाडव्याची स्वागतयात्रा त्या गावाने सुरू केली आणि महाराष्ट्रभर नेली. पार्ल्याची ओळख लोकमान्य सेवा संघाशिवाय पुरी होत नाही आणि ठाण्याची गडकरी रंगायतनशिवाय. नव्याने येणाऱ्या कुटुंबात दिवसभर घरी असणाऱ्या सासूबाईंना बोलायला कुणी मिळतं की नाही, हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. जवळ-लांबच्या वादात या बाजूचे लोक हळवे ठरवले जातात. मला ते व्यवहारी वाटतात.

हिशेब कुणाच्या नावावर

आतापर्यंतच्या बाजू बहुतेक वेळा एका कमावत्या माणसाला धरून मांडल्या जातात. घरातले दोघं नोकरी करत असतील तर गणित बदलतं, कारण भाडं घरामागे एकदा द्यावं लागतं आणि प्रवास प्रत्येक माणसाला वेगळा करावा लागतो.

समजुतीसाठी आकडे घेऊ. एक घर ऑफिसपासून ३५ मिनिटांवर, दुसरं ७५ मिनिटांवर, दारापासून दारापर्यंत. जवळच्या घराचं भाडं महिन्याला १२,००० रुपयांनी जास्त. रोजची वाचलेली ८० मिनिटं आणि कामाचे २२ दिवस धरले तर सुमारे २९ तास. म्हणजे वाचलेला प्रत्येक तास सुमारे ४१० रुपयांना पडला. दोघांचीही ऑफिसं त्याच भागात असतील तर वाचतात ५८ तास आणि तोच तास २०५ रुपयांना पडतो. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जायचं असेल, महिन्याचे १३ दिवस, तर एकट्या माणसाचा तास ७०० रुपयांच्या घरात जातो आणि लांबचं मोठं घर शहाणपणाचं ठरू लागतं. तिथे कामाला बसायला खोलीही मिळते. तेच कुटुंब, तीच दोन घरं, आणि उत्तरं तीन.

शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र धरून तो उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा, असं माप सुचवलं. घरभाडं आणि प्रवास एका ओळीत मांडायची ती सवय घेण्यासारखी आहे. ४५चा आकडा मात्र मोटारीवर चालणाऱ्या देशातला आहे. आपल्याकडे प्रवासाला पैसे कमी लागतात आणि वेळ व शरीर जास्त. त्याचं माप अजून कुणी नीट बसवलेलं नाही.

व्यवहारात बहुधा असं होतं की नवऱ्याच्या ऑफिसवरून उपनगर ठरतं आणि बायको त्या उपनगरातून पोहोचता येईल अशी नोकरी शोधते. मूल झालं की तिची नोकरी आणखी जवळ सरकते किंवा थांबते. सकाळचा डबा, शाळेची बस आणि पाळणाघराची संध्याकाळची वेळ यांच्या मधे बसेल एवढाच तिचा प्रवास असू शकतो. लांबच्या घराने वाचवलेल्या भाड्यात ही गेलेली नोकरी धरली जात नाही. उपनगरांच्या सगळ्या चर्चेत मला हा सर्वांत मोठा राहून गेलेला आकडा वाटतो.

भाड्याचं घर आणि कुणाला ते मिळतं

आल्या आल्या घर विकत घ्यावं की भाड्याने राहून पाहावं, यावर घरातल्या दोन पिढ्यांचं एकमत सहसा होत नाही. वडीलधाऱ्यांना भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा वाटतो, आणि त्यांच्या काळात विकत घेतलेल्या फ्लॅटनी ते खरं करून दाखवलं आहे. तरुणांचा मुद्दा असा की नोकरी तीन-चार वर्षांत बदलते आणि कर्जाचा हप्ता माणसाला एकाच लाईनीला बांधून ठेवतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घरमालकाला जागा परत मिळवण्याची जलद वाट आहे. त्यामुळे मालक घर द्यायला पूर्वीइतके घाबरत नाहीत. अकरा महिन्यांचा करार हा रिवाजच झाला आहे. पण त्याच रिवाजाने मुलांची शाळा आणि घराचा करार यांची सांगड बसत नाही. मार्चमध्ये मालकाने जागा मागितली की जूनची शाळा अडचणीत येते. आगाऊ अनामत, एक महिन्याची दलाली आणि टेम्पोचा खर्च दर वेळी नवा.

खरेदी करणाऱ्यांसाठी कागदाची पारख हा वेगळाच विषय आहे. महारेराची नोंदणी २०१७ पासून आली आणि दिलासा मिळाला. तरी कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या आणि उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्यांनी बँकेचं कर्ज काढूनच घरं घेतली होती. नोंदणी क्रमांकावर न थांबता बांधकाम परवानगी पालिकेच्या दप्तरात तपासणं आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहणं, एवढं तरी करायलाच हवं.

आणि निवडलेल्या उपनगरात घर मिळेलच असंही नाही. आडनाव, धर्म, ताटात काय असतं, एकटी मुलगी आहे का, यावर नकार मिळतो. बहुधा कारण न सांगता: ‘जागा गेली.’ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारखीच ऐपत असूनही घर शोधणाऱ्या दलित आणि मुस्लिमांना जास्त नकार मिळतात, हे त्यात दिसलं. मुंबईत घर शोधलेल्यांना हे अनोळखी वाटणार नाही. सोसायट्या आपापल्या राहणीच्या स्वातंत्र्याचा दाखला देतात. नकार मिळालेल्या माणसासाठी मात्र परवडणारी, लाईनीवरची, शाळेजवळची उपनगरं यादीतून एकेक करून गळत जातात आणि त्याचा प्रवास लांबतो.

मेट्रोने काय बदललं

२०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली आणि मुंबईला पूर्व-पश्चिम रूळ मिळाले. २०२२-२३ मध्ये दहिसर-अंधेरीच्या दोन मार्गिका, २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर आणि २०२४ ते २०२५ दरम्यान आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो टप्प्याटप्प्याने सुरू झाली. घाटकोपरला उतरून मरोळ नाक्यावरून थेट संकुलात जाता येऊ लागल्यावर मध्य रेल्वेच्या माणसाला वांद्रे-कुर्ला संकुल पूर्वीपेक्षा जवळ आलं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उलवे-पनवेल भाग दक्षिण मुंबईशी जोडला गेला. त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत गेली.

याकडे पाहण्याचे दोन सूर आहेत. एक म्हणतो, जुनी लाईननिष्ठा आता संपली, कुठूनही कुठेही जाता येईल. दुसरा तिकिटाकडे बोट दाखवतो. लोकलचं किमान भाडं ५ रुपये आहे, भुयारी मेट्रोचं १० ते ७० रुपये. अटल सेतूवर मोटारीला एका वेळी २५० रुपये पथकर आहे, दुचाकी आणि रिक्षाला तिथे मज्जाव आहे. म्हणजे अंतर कमी झालं ते सगळ्यांसाठी सारखं नव्हे. शिवाय मेट्रो येणार म्हटलं की घरांचे भाव आधीच चढतात आणि रूळ मागाहून येतात. मधली वर्षं खोदलेल्या रस्त्यावर काढावी लागतात, हे घोडबंदरकरांना विचारावं. जाहिरातीतल्या नियोजित स्थानकावर विसंबून भाड्याचं घर तरी घेऊ नये, असं माझं मत आहे. भाडेकरू ते स्थानक सुरू होईपर्यंत बहुधा तिथून हललेला असतो.

न सुटलेलं

काही प्रश्न खरोखरच उघडे आहेत. घरून काम किती टिकणार, यावर कंपन्यांचंच एकमत नाही आणि त्यावर विसंबून बदलापूरला घेतलेलं घर पाच दिवसांच्या हजेरीचा हुकूम निघाला की पुन्हा लांब पडतं. नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५च्या अखेरीस उड्डाणं सुरू झाली. त्याभोवती रोजगार किती येईल आणि पनवेल-उलवे पट्टा स्वतःच्या पायावर उभा राहील की आणखी एक झोपायला यायचं गाव होईल, हे कळायला वेळ लागेल. पन्नास वर्षांपूर्वी सिडकोपुढे हाच प्रश्न होता. महानगरातल्या नऊ पालिकांनी पाणी आणि बस यांचं एकत्र नियोजन करावं की आपापलं पाहावं, हा वादही तिथेच आहे.

सगळ्यात मोठी उणीव माहितीची. कोण कुठून कुठे, कशाने आणि किती लांब कामाला जातं याची घरोघर विचारून मिळालेली शेवटची देशव्यापी नोंद २०११च्या जनगणनेतली आहे. तेव्हा मेट्रो नव्हती, अटल सेतू नव्हता, घरून काम करणारे मोजण्याइतके नव्हते. पुढची गणना २०२७ मध्ये आहे. तिचे तक्ते हाती येईपर्यंत उपनगर निवडणाऱ्या कुटुंबाला नातेवाइकांचे सल्ले आणि स्वतःची एक फेरी यांवरच भागवावं लागेल. ती फेरी सोमवारी सकाळी, ऑफिसच्या वेळेला, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने आपापल्या मार्गाने करावी आणि करारावर सही त्यानंतर व्हावी.